हायाबुसाच्या हिरव्या रंगाखाली : 1/48 किटच्या नोंदी

16 जून 2024

प्लास्टिक मॉडेलचं किट उघडलं. नाकाजिमा की-43 हायाबुसा, दुसरी आवृत्ती, स्केल 1/48. साचा जुना आहे, पण पॅनेलच्या रेषा अजून धारदार येतात. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 10.84 मीटर, म्हणजे टेबलावर साडेबावीस सेंटीमीटर. लांबी 8.92 मीटर, म्हणजे साडेअठरा. पुस्तकांच्या कपाटात मावतं, या एका मुद्द्यावर घरातून मंजुरी मिळाली.

हायाबुसा म्हटलं की नाशकात कोणालाही मोटरसायकल आठवते आणि जपानी लढाऊ विमान म्हटलं की झीरो. की-43 या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून जातं. हे आजचंच नाही. 1941 च्या डिसेंबरात रंगूनवर लढलेल्या अमेरिकन फ्लाइंग टायगर्सच्या वैमानिकांनीही समोर आलेल्या लष्करी विमानांची नोंद ‘झीरो’ अशीच केली होती. झीरो नौदलाचं, हायाबुसा लष्कराचं. जपानच्या या दोन दलांचं आपसात इतकं वाकडं होतं की नाकाजिमाच्या एकाच इंजिनाला नौदल ‘साकाए’ म्हणायचं आणि लष्कर ‘हा’ आणि पुढे आकडा. जवळपास 5,900 हायाबुसा बनली. जपानी लढाऊ विमानांत यापेक्षा जास्त फक्त झीरो.

मी हे निवडलं कारण हे आपल्या बाजूचं विमान आहे. अक्याब, चितगाव, कलकत्ता, इंफाळ, या सगळ्यांच्या आकाशात ते फिरलंय. ठरवलं असं : 64 वी सेन्ताई (जपानी लष्कराच्या विमानांची रेजिमेंट), ब्रह्मदेश, 1943-44 चा कोरडा हंगाम.

या खेपेला एकच गोष्ट मनासारखी करायची आहे, ती म्हणजे रंग. जपानी विमानाच्या मॉडेलवर रंगाचे पापुद्रे काढायची टूम अशी काही बोकाळली आहे की दहातली नऊ मॉडेलं भंगारातून उचलून आणल्यासारखी दिसतात. रंग उडायचा, यात शंका नाही. पण कुठे उडायचा आणि का, हे आधी ठरवून मगच ब्रश हातात घ्यायचा.

23 जून

कॉकपिट. आतल्या रंगाच्या छटेवरून हौशी मंडळींत जितकी डोकी तितकी मतं. मी किटच्या कागदावर दिलेली छटा घेतली आणि पुढे गेलो, कारण झाकण बसल्यावर यातलं निम्मं कुणालाही दिसणार नाही.

वेळ दिला तो आओताकेला. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला हवा-पाणी बाधू नये म्हणून जपानी कारखाने आतल्या भागांवर एक पारदर्शक निळं-हिरवं लॅकर मारायचे, ते हे. बाटलीतला तयार निळा-हिरवा मारला की प्लास्टिकच दिसतं, त्यामुळे खऱ्या क्रमानेच जावं लागतं. आधी तामिया कंपनीचं एलपी-11 सिल्व्हर. ते वाळल्यावर एक्स-23 क्लिअर ब्लू आणि एक्स-25 क्लिअर ग्रीन एकत्र करून, हिरवं थोडं जास्त, भरपूर पातळ करून एअरब्रशने हलके हात. चाकांच्या खोबणीत कोपऱ्यांत रंग साचून गडद झाला आणि उंचवट्यांवर चांदी चमकत राहिली. हवं होतं ते हेच.

पहिल्या आवृत्तीत नेम धरायला दुर्बिणीसारखी लांब नळी होती, ती समोरच्या काचेतून आरपार बाहेर यायची. नेम धरायचा तर वैमानिकाने एक डोळा मिटून दुसरा नळीला लावायचा आणि बाकीचं आकाश वाऱ्यावर सोडायचं. दुसऱ्या आवृत्तीत आरसेवाला साइट आला. किटमध्ये तो एक ठोकळा आहे, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कापून उभा केला. आसनामागे चिलखती पत्राही याच आवृत्तीपासून. सीटबेल्ट मास्किंग टेपचे.

30 जून

इंजिन. हा-115, चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळी. मागची ओळ काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं आवरण, लागल्यावर अंधारातच जाणार, म्हणून तिला नुसता काळा-राखाडी हात मारला. पुढच्या ओळीला इग्निशनच्या तारा लावल्या. जुन्या इअरफोनची वायर सोलली की आत केसासारखं तांबं मिळतं, या स्केलला ती जाडी बरोबर बसते. तारांचं काम रात्री करू नये. डोळे ओढतात आणि चिमट्यातून निसटलेली तार फरशीवर कायमची जाते.

7 जुलै

धड आणि पंख जोडले. पंखाच्या मुळाशी केसभर फट होती. पुट्टीऐवजी प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून गोंद सोडला, दुसऱ्या दिवशी घासून सपाट. पुट्टी भरली असती तर ती घासताना शेजारच्या रेषाही गेल्या असत्या.

हा पंख हातात धरून बघण्यासारखा आहे. यासुशी कोयामा मुख्य अभियंता हे खरं, पण या विमानाच्या हवाई आकाराचं, विशेषतः पंखाचं, काम हिदेओ इतोकावा नावाच्या तरुणाकडे होतं. 1912 चा जन्म, म्हणजे जानेवारी 1939 मध्ये पहिलं उड्डाण झालं तेव्हा सव्वीस वर्षांचा. लष्कराची मागणी अशी की आधीच्या की-27 पेक्षा वेगवान हवं, लांब पल्ल्याचं हवं, चाकं आत जाणारी हवीत, आणि तरीही की-27 सारखंच जागच्या जागी वळलं पाहिजे. चाचणी करणाऱ्या वैमानिकांना ते पहिल्यांदा आवडलंच नाही, वळायला जड म्हणाले. मग पंखाखाली ते प्रसिद्ध ‘फुलपाखरू’ फ्लॅप आले. झटापटीत ते थोडे बाहेर काढले की पंखाचं क्षेत्रफळ वाढतं, विमान कमी वेगालाही हवेत धरून राहतं आणि वळण आखूड होतं. किंमत मोजली ती मजबुतीत. सुरुवातीच्या विमानांचे पंख जोरदार सूर मारून वर येताना मुळाशीच दगा द्यायचे आणि नंतर ते मजबूत करावे लागले.

युद्धानंतर जपानला विमानं बनवायला बंदी झाली. इतोकावा रॉकेटकडे वळले. एप्रिल 1955 मध्ये तोक्योजवळ कोकुबुंजीला त्यांनी ‘पेन्सिल’ रॉकेट आडवं उडवून दाखवलं. त्याची लांबी 23 सेंटीमीटर, म्हणजे माझ्या टेबलावरच्या या पंखांएवढीच. पुढे एका लघुग्रहाला त्यांचं नाव दिलं गेलं आणि 2005 मध्ये तिथे पोचलेल्या जपानी यानाचं नाव होतं हायाबुसा. 2010 साली ते यान त्या लघुग्रहाची धूळ घेऊन पृथ्वीवर परत आलं.

फ्लॅप बंदच ठेवले. उघडे फ्लॅप दिसायला झकास, पण ओळीत उभ्या केलेल्या विमानाचे फ्लॅप उघडे सोडून कोण जाईल?

21 जुलै

रिव्हेट. हल्ली दातेरी चाक फिरवून सगळ्या मॉडेलवर रिव्हेटच्या ओळी पाडायची पद्धत आहे. मी ते चाक आणलेलंही आहे.

शेजारचे काका ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. आयुष्य पत्र्याच्या कामात गेलं. त्यांना धड दाखवलं आणि विचारलं, “काका, रिव्हेट पाडू का?” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पंख डोळ्याजवळ नेला.

“हे फ्लश रिव्हेटिंगचं विमान ना?”

“हो.”

“मग माथा किती धरतोस? पाच मिलिमीटर? त्याला अठ्ठेचाळीसने भाग. दशांश मिलिमीटर आला. तोही पत्र्याच्या पातळीत बसवलेला. तुला दिसणार आहे का तो? तुझ्या त्या चाकाचे खड्डे बघ, प्रत्येक भोकातून खऱ्या विमानात बोट जाईल.”

गणित बिनतोड होतं. चाक परत खोक्यात गेलं. फक्त ज्या पट्ट्या रोज उघडतात तिथल्या, म्हणजे इंजिनभोवतीच्या, मशीनगनवरच्या आणि पेट्रोलच्या झाकणांच्या स्क्रूंच्या खुणा सुईने जराशा ठळक केल्या.

मग मूळ प्रश्न विचारला. विमानाचा रंग पहिल्यांदा कुठून जातो? काकांनी चहा संपेपर्यंत सांगितलं आणि मी किटच्या कागदाच्या मागे लिहून घेतलं. जिथे बूट पडतो तिथे. जिथे रोज स्क्रू ड्रायव्हर घसरतो तिथे. पेट्रोल भरताना पाइप पंखावरून ओढत नेतात त्या वाटेवर. पंखाच्या पुढच्या कडेला, कारण धावपट्टीवरचे खडे तिथेच आदळतात. आणि पत्र्याला आधी प्रायमर नसेल तर जिथे एकदा कड उचलली तिथून पापुद्रा पुढे सरकत जातो, सगळीकडे एकदम फुटत नाही.

“नुसते ठिपके ठिपके करशील तर विमानाला देवी आल्यात असं वाटेल,” जाताना म्हणाले.

28 जुलै

धातू. नाकाजिमाच्या ओटा कारखान्यातून 1943 ची बरीच हायाबुसा उघड्या अ‍ॅल्युमिनियमची, बिनरंगी बाहेर पडत. हिरवा रंग पुढे तळावर, युनिटच्या माणसांनी मारलेला, त्याच्याखाली प्रायमर नाही. पापुद्रे पडण्याचं सगळं मूळ इथे आहे. म्हणून मॉडेलही आधी पूर्ण चांदीचं करायचं आणि मग ‘ब्रह्मदेशात’ नेऊन रंगवायचं.

काळा ग्लॉस प्रायमर, दोन दिवस वाळवला. त्यावर अ‍ॅल्युमिनियम लॅकर. पावसाळी हवेत लॅकर धुरकट पडतं, म्हणून सकाळी पाऊस थांबल्यावर, पंखा बंद, दिवा जवळ ठेवून फवारलं. काही पॅनेल झाकून पुन्हा थोड्या वेगळ्या छटेचा हात दिला. काउलिंग जरा गडद, चाकांच्या झाकणांना जरा पांढरट.

आता या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक मॉडेलांवर तो चुकलेला दिसतो. रडर, एलेव्हेटर आणि एलेरॉन, म्हणजे शेपटीचे आणि पंखांचे विमान वळवणारे हलते भाग, धातूचे नाहीत. सांगाड्यावर ताणलेलं कापड, त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारं लॅकर. चांदीच्या विमानावरही हे भाग राखाडी-हिरवट रंगवलेले असत. त्यामुळे त्यांच्यावरचा हिरवा रंग घासला गेला तर खालून राखाडी डोकावेल, चांदी कधीच नाही. मुळात लवचिक कापडावरचा थर धातूसारखा पापुद्रे धरून सुटतही नाही. रडरवर चांदीचे चट्टे असलेलं मॉडेल दिसलं की मला पुढचं बघवत नाही.

बाकीचं विमान झाकून हे तिन्ही भाग तामिया एक्सएफ-14 मध्ये थोडा पांढरा घालून रंगवले. समोरच्या काचेपुढे काउलिंगवरचा काळा पट्टाही आजच, म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांवर चकाकी येऊ नये म्हणून असतो तो.

4 ऑगस्ट

पाऊस थांबेना, फवारणी बंद. वाचन केलं आणि नकाशा काढला.

64 व्या सेन्ताईचं नाव जपानभर झालं ते ताटेओ काटो यांच्यामुळे. 7 डिसेंबर 1941 ला, मलायावर उतरणाऱ्या जहाजांच्या काफिल्यावर पहारा देण्यासाठी ते फू क्वोक बेटावरून समुद्रावर दूरवर गेले. परतताना अंधार आणि वाईट हवा, तीन विमानं समुद्रातच राहिली. एवढा पल्ला गाठता आला तो हलक्या बांध्यामुळे आणि पंखांखालच्या दोनशे-दोनशे लिटरच्या टाक्यांमुळे. काटो स्वतः 22 मे 1942 ला अक्याबजवळ बंगालच्या उपसागरात पडले, तेही कुठल्या लढाऊ विमानाकडून नाही. ब्लेनहाइम या बाँबफेकी विमानाचा पाठलाग करताना त्याच्या वरच्या तोफमाऱ्याच्या गोळ्या लागल्या.

माझ्या मॉडेलच्या काळात सेन्ताईचा मोठा तळ रंगूनजवळचा मिंगलाडॉन. 5 डिसेंबर 1943 ला दिवसाढवळ्या कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर हल्ला झाला. लष्कर आणि नौदल दोघांची विमानं, आणि बाँबफेक्यांच्या सोबतीला हायाबुसा. त्याच कलकत्त्यात मैदानातल्या रेड रोडवरून ब्रिटिश हरिकेन उडायची, रस्ताच धावपट्टी.

काउलिंगवरच्या दोन 12.7 मिलिमीटरच्या मशीनगन, बस. पंखात काही नाही. समोरच्या हरिकेनच्या टू-सी आवृत्तीत 20 मिलिमीटरच्या चार तोफा. हायाबुसाच्या वैमानिकाला वळणात कोणी हरवू शकत नव्हतं, पण शत्रू खाली सूर मारून निघून गेला की त्याच्या हाती काही लागत नसे.

मग 1944 चा मार्च. जपानी सैन्य चिंद्विन नदी ओलांडून आलं. उखरूलजवळच्या सांगशाकला 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर जी पलटण अडकली ती 4/5 मराठा लाइट इन्फन्ट्री. पाणी नाही, खडकाळ टेकडीत खंदक खणता येत नाहीत, विमानातून टाकलेला दारूगोळा आणि रसद बरीचशी शत्रूच्या बाजूला जाऊन पडते, अशा हालतीत 26 मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. त्या दिवसांत जपान्यांचा खोळंबा झाला आणि इंफाळ-कोहिमाला कुमक पोचायला वेळ मिळाला. पुढे इंफाळ महिनोन्‌महिने तगलं ते डकोटा विमानांनी आणलेल्या रसदीवर, आणि 50, 64, 204 या सेन्ताईंची हायाबुसा खोऱ्यात यायची ती त्या डकोटांवर झडप घालायला. त्याच खोऱ्यात आपल्या वायुदलाचं एक नंबरचं स्क्वाड्रन हरिकेनवर टेहळणी करत होतं, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली. तिथेच त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं.

एवढं वाचल्यावर मिंगलाडॉनच्या विमानाला हात लावताना जरा वेगळं वाटतं. याचं शत्रुपक्षाचं विमान असणं विसरायचं नाही. पण म्हणून ते ढोबळ बनवायचं, असंही नाही.

11 ऑगस्ट

ऊन. कारखान्यात लागणाऱ्या खुणा आज, हिरव्याच्या आधी. पंखांवरचे लाल गोळे कंपासला ब्लेड लावून कापलेल्या मास्कने फवारले. डेकलचे, म्हणजे पाण्याने चिकटवायच्या छापील स्टिकरचे, गोळे वापरले नाहीत, कारण त्यांच्यावर पुढे रंग सोलता येत नाही. पंखांच्या पुढच्या कडेचा पिवळा पट्टाही आजच. आपल्याच बाजूला विमान ओळखू यावं म्हणून तो असे. पिवळ्याखाली पांढरा हात दिला, नाहीतर चांदीवर तो हिरवट मारतो.

सगळं वाळल्यावर चकचकीत क्लिअरचा एक थर. उद्या-परवा पाण्याने घासताना खालची चांदी सुरक्षित राहायला हवी.

15 ऑगस्ट

सुट्टीचा सगळा दिवस याच कामाला राखून ठेवला होता. सकाळी झेंडावंदन उरकून टेबलावर.

सलूनच्या सामानाच्या दुकानातला साधा हेअरस्प्रे. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे त्याच्यावरचा हिरवा पाणी लावून सोलता येतो. डब्यातून थेट मारला तर थेंब पडतात, म्हणून तो एका वाटीत सोडून एअरब्रशमध्ये ओतला. वरच्या बाजूला दोन पातळ हात, कापडी भाग झाकून. खालची बाजू चांदीच राहणार, तिथे काहीच नाही. पंखा नसलेल्या खोलीत अर्धा तास.

लाल गोळे गोल मास्कने झाकले, पण मास्क गोळ्यापेक्षा किंचित मोठा कापला. तळावर फवारणारा माणूस गोळ्याच्या कडेला चिकटून रंग मारत बसणार नाही, थोडी जागा सोडेल. त्यामुळे लालभोवती चांदीची एक असमान कडा उरते.

हिरवा : एक्सएफ-13, त्यात थोडा पिवळा आणि थोडा राखाडी. उन्हात आणि पावसात राहिलेला हिरवा बाटलीतल्या हिरव्यासारखा दिसत नाही. पातळ करायला पाणी आणि अगदी थोडं थिनर, कारण थिनर जास्त झालं तर हेअरस्प्रे आताच विरघळतो आणि नंतर सुटत नाही. थर एकसारखा दिला नाही. पंखाच्या मधोमध दाट, कडांना विरळ. रंगाची फवारणी बंदूक हातात घेऊन शिडीवर उभा राहिलेला शिपाई मनात धरला. हात पोचतो तिथे दाट, पोचत नाही तिथे पातळ.

हिरवा हाताला लागेनासा झाला की लगेच सोलायला घेतलं. एक-दोन तासांच्या आत करायला हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी रंग दगडासारखा होतो.

डाव्या पंखाच्या मुळापासून सुरुवात. वैमानिक आणि मेकॅनिक इथूनच चढतात. कोमट पाण्याचा एक थेंब ब्रशने ठेवला, अर्धा मिनिट थांबलो. जाड केसांचा ब्रश आखूड कापलेला, तो बुटाच्या दिशेनेच फिरवला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेकडून कॉकपिटकडे. काहीच नाही. पुन्हा पाणी. मग एकदम एक बारीक फोड आली, तिची कड उचलली गेली आणि खाली चांदी. ती कड लाकडी टूथपिकच्या टोकाने कॉकपिटकडे ढकलत नेली. काका म्हणाले तसंच, एका कडेपासून पुढे सरकत जाणारा पापुद्रा. मुळाशी चट्टा रुंद, दोन पावलांवर अरुंद, नंतर नुसते ओरखडे. डावीकडे एवढं झालं की उजवीकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढंच. तिकडे रोज कोण चढतंय?

मग काउलिंग. इंजिनाच्या झाकणांच्या खिळ्यांभोवती टूथपिकने टोचून चंद्रकोरीएवढे तुकडे उडवले, प्रत्येक खिळ्याला नाही. मशीनगनच्या झाकणाच्या कडा. पेट्रोलच्या झाकणापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत पाइपाची वाट म्हणून दोन-तीन लांब ओरखडे. स्पिनरच्या, म्हणजे पंख्याच्या मधल्या टोपणाच्या, टोकाला इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर ट्रकचा दांडा अडकवायची खाच असते, तिच्याभोवतीचा रंग जवळजवळ सगळा काढला. रोज सकाळी लोखंड तिथे घासतं.

शेपटीकडे जाताना हात थांबवला. धडाच्या मागच्या भागाला कोण हात लावतो? तिथे हिरवा शाबूत ठेवला. पंखांची बाहेरची टोकंही तशीच. अर्धं विमान शाबूत दिसतंय, म्हणूनच उरलेल्या अर्ध्यावर कोणी चाललंय हे कळतं.

संध्याकाळी काका आले. पंखाच्या मुळाकडे बघून म्हणाले, “हा वैमानिक डावा पाय आधी ठेवतो वाटतं.” मी फोटो काढून ठेवला.

25 ऑगस्ट

युनिटच्या खुणा. शेपटीवर 64 व्या सेन्ताईचा बाण. त्याचा रंग तुकडीप्रमाणे बदलायचा, मी पांढरा घेतला. शेपटीआधी धडावर पांढरा पट्टा, आघाडीवरच्या विमानांची खूण. दोन्ही मास्कने फवारले, हिरव्याच्या वर. बाण फिनवरून, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरून, रडरवर जातो तिथे दोन्हीकडे पांढरा सारखाच, पण फिनवर बारीक ओरखडे आणि रडरवर नाहीत. एवढा फरक मुद्दाम.

बारीक अक्षरांची डेकलं : पाय कुठे ठेवावा, कुठे ठेवू नये, पेट्रोल किती ऑक्टेनचं. डेकल बसवायचं सोल्यूशन लावून दाबली. खाली हवा अडकून चांदीसारखी चकाकी आली नाही. एवढंच.

8 सप्टेंबर

गणपती आहेत. टेबल आरतीच्या ताटांना दिलं. विमान कपाटावर, खोक्यात.

15 सप्टेंबर

धूर आणि धूळ. या आवृत्तीच्या माझ्या विमानाला दोन्ही बाजूंना एक-एक एक्झॉस्ट पाइप, त्यामुळे पंखाच्या मुळाखालून मागे जाणारा एकच डाग प्रत्येक बाजूला. मधोमध करडा-पांढरा, कडांना तपकिरी-काळा. शिसं मिसळलेल्या पेट्रोलने डागाचा गाभा फिकट पडतो, सगळा डाग काळा करणं बरोबर नाही. पातळ रंग, दूरून, पुष्कळ हात.

खाली चांदीवर तेलाचे ओघळ, ऑइल पेंटचे. काउलिंगच्या झाकणाच्या फटीतून सुरू होऊन हवेने मागे ओढलेले. चाकांवर आणि फ्लॅपच्या खाली मातकट पिवळी धूळ, पावडर पिगमेंटची. ब्रह्मदेशाच्या कोरड्या हंगामाची धूळ हवी होती, आपली सह्याद्रीची लाल माती नको. पिगमेंट बोटाने नाही, कोरड्या ब्रशने आणि अगदी कमी.

पॅनेल रेषांना गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, फक्त काउलिंगभोवती आणि हलणाऱ्या भागांच्या फटींत. सगळ्या रेषा काळ्या केल्या की विमान आराखड्यासारखं दिसायला लागतं.

29 सप्टेंबर

शेवटची जुळणी. प्रोपेलर तीन पात्यांचा, लालसर तपकिरी, एक्सएफ-64 मध्ये किंचित लाल. स्पिनर बसवला.

कॅनोपीचे मास्क काढले. आत एक धुळीचा कण दिसला, काढून पुन्हा चिकटवली. मागची सरकती काच उघडी ठेवली, नाहीतर आरसेवाला साइट आणि आओताके सगळंच झाकलं गेलं असतं. अ‍ॅन्टेनाची तार : मेणबत्तीवर स्प्रू, म्हणजे किटच्या चौकटीचं उरलेलं प्लास्टिक, तापवून ओढलेला धागा, मास्टपासून फिनच्या टोकापर्यंत. चिकटवल्यावर धुमसती उदबत्ती जवळ नेली की ढिला धागा ताणला जातो. जवळच, टेकवायची नाही.

पंखांखालच्या टाक्यांपैकी एकच लावली. दुसरीचा कंस कापताना मूळ साच्यातच हवेचा बुडबुडा निघाला, आत पोकळ. प्लास्टिकच्या पट्टीचा नवा करायला घेतलाय, गोंद वाळतोय, उद्या आकार देईन.

पुढचं किट ठरलंय : हरिकेन, याच स्केलला, एक नंबर स्क्वाड्रनच्या इंफाळच्या खुणांत. त्याचं मागचं धड आणि शेपूट बरंचसं कापडी आहे, तेव्हा हेअरस्प्रेचा डबा या खेपेला फारसा लागणार नाही. डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन मागवलेत. लाल टाळून पांढऱ्या-निळ्या केलेल्या आग्नेय आशियातल्या गोळ्यांसाठी मास्क मीच कापणार.